कानोचा दरबार बघायला घेतलेलं पॅकेज : गाइडला पाच स्टार, व्हीआयपी सीटला एक

लेगोसमधले आपले लोक उत्तर नायजेरियातल्या कानोला गेलेच तर कामासाठी जातात, एअरपोर्ट-फॅक्टरी-हॉटेल करून परत येतात आणि तिथे बघण्यासारखं काही नाही असं सांगतात, ते ऐकून मला दरवेळी वाईट वाटतं म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितेय. २०२३ ला ईदच्या वेळी मी आणि नवरा तिथला दरबार बघायला गेलो होतो. दरबार म्हणजे तिथल्या हौसा लोकांचा ईदच्या दिवसांतला घोडेस्वारांचा सोहळा, तिथे सगळे त्याला हावन सल्ला म्हणतात, सल्ला म्हणजे ईद. पॅकेज लेगोसच्या एका एजन्सीचं होतं, नाव लिहीत नाही, त्यात गाडी, ड्रायव्हर, कानोचा लोकल गाइड आणि व्हीआयपी स्टँडमधल्या दोन खुर्च्या असं सगळं होतं.

आधी नावडलेलं सांगून टाकते. एजन्सीने दिलेली पिकअपची वेळ साफ चुकीची होती. ईदच्या दिवशी अमीर, म्हणजे तिथला राजा, कोफर माता या जुन्या शहराच्या वेशीपाशी ईदगाहावर नमाजाला जातो आणि तिथून मिरवणुकीने जुन्या शहरातून राजवाड्यावर परत येतो, त्यामुळे जुन्या शहरातले रस्ते सकाळीच बंद होतात आणि मग गाडी कुठेच शिरत नाही. एजन्सीच्या वेळेने निघालो असतो तर हॉटेलच्या गेटवरून पुढे सरकलोच नसतो. आमच्या गाइडने आदल्या रात्री स्वतः ड्रायव्हरला फोन करून त्याला पहाटेच्या अजानच्या वेळी बोलावून घेतलं. आणि ज्या स्टँडसाठी जास्तीचे पैसे मोजले तिथून काय दिसलं तर पुढे उभ्या असलेल्या फोटोग्राफर आणि साहेब लोकांच्या पाठी, त्यांच्या वरून पगड्यांची टोकं आणि धूळ. शेजारी लाउडस्पीकर, त्यामुळे वाजंत्री पण नीट ऐकू आली नाही. दरबारात जे ऐकायचं असतं ते काकाकी, ते माणसापेक्षा लांब धातूचं कर्ण्यासारखं वाद्य असतं आणि राजासाठीच वाजतं, ते स्पीकरच्या आवाजात बुडून गेलं. तेव्हा कोणी व्हीआयपी सीट विकत असेल तर सरळ नाही म्हणा.

आता गाइड. त्यांना सगळे मालम म्हणतात, तिकडे शिकलेल्या माणसाला मानाने असंच हाक मारतात, आम्ही पण तेच म्हणायचो. आमचे चेहरे बघून मालम म्हणाले की उद्या तुम्हाला मी खुर्चीवर बसवत नाही. दुसऱ्या दिवशी असतो हावन दाउशे, त्यात अमीर घोड्यावरून आईच्या वाड्यावर सलामाला जातो, त्या वाड्याला बाब्बन दाकी म्हणतात. मालमनी जुन्या शहरातल्या एका वळणावर ओळखीच्या दुकानदाराच्या ओट्यावर आमची सोय केली, पाठीमागे मातीची भिंत, डोक्यावर सावली, आणि समोर दोन हातांवरून मिरवणूक. वळणावर घोडे हळू होतात म्हणून हीच जागा, हे त्यांचं लॉजिक. मला विचाराल तर अख्ख्या पॅकेजचे पैसे त्या ओट्यावर वसूल झाले.

घोडा इतक्या जवळून जातो की त्याच्या तोंडावरच्या चामड्याच्या पट्ट्यांवरचं पितळ, लाल-पिवळे गोंडे, छातीवरून लोंबणारी झालर, सगळं एकेक करून दिसतं, घामाचा वास येतो. स्वाराच्या अंगावर बाब्बन रिगा, तो घोळदार झगा, एकावर एक घातलेले, आणि पगडी तोंडावरून अशी गुंडाळलेली की फक्त डोळे दिसतात. मध्येच एक तुकडी आली ती लिफिदीवाली, म्हणजे कापूस भरून शिवलेलं जाड रंगीत चिलखत, घोड्याला पण आणि स्वाराला पण, पूर्वी लढाईत बाण अडवायला हेच घालायचे. त्या उन्हात ते घालून घोडा दुडक्या चालीने जातो आणि वरचा माणूस ताठ बसलेला असतो, बघून खरंच मान झुकते. मग जुन्या ठासणीच्या बंदुका उडवणारे आले, कानात दडे बसले, शेजारच्या लहान पोरी हसून हसून टाळ्या वाजवत होत्या.

मालम नसते तर मला ही सगळी नुसती रंगीत गर्दी वाटली असती. ते कानाशी सांगत होते की हा मदाकी, हा गलादिमा (या बड्या सरदारांच्या पदव्या), ही अमुक जिल्ह्याच्या सरदाराची तुकडी, पूर्वी लढाईची वेळ आली तर प्रत्येक सरदाराने आपले घोडे-माणसं घेऊन राजाकडे हजर व्हायचं असायचं आणि त्या हजेरीचाच हा सोहळा झाला. पगडीला वर दोन कान काढलेले असतात ते राजघराण्याची खूण, लाल-हिरव्या झग्यातले दोगाराय म्हणजे राजाचे रक्षक, उंटांवर तांबारी नगारे. अमीर सगळ्यांच्या शेवटी येतो, वर सतत गोल फिरवत ठेवलेली भलीमोठी छत्री, बाजूला शहामृगाच्या पिसांचे पंखे, पायात पण शहामृगाच्या पिसांचे जोडे. लोक मुठी वर करून 'रांका या दादे' ओरडतात, म्हणजे उदंड आयुष्य लाभो. आमच्या ओट्यावरचे एक आजोबा ते ओरडताना रडत होते, मला पण भरून आलं.

जाही मात्र राजवाड्यापुढच्या मैदानातच बघायला हवी. एकेक तुकडी लांबून भरधाव घोडे फेकत अमीरच्या अंगावर गेल्यासारखी जाते आणि अगदी समोर आल्यावर लगाम खेचून, तलवारी-भाले वर करून सलाम करते. मालमनी आम्हाला मैदानाच्या कडेला लोकल लोकांमध्ये उभं केलं, स्टँडपेक्षा शंभर पटीने बरं दिसलं. पण तिथे धक्काबुक्की होते, लहान मुलांना नेऊ नका. हा राजवाडा म्हणजे गिदान रुम्फा, पंधराव्या शतकात मुहम्मदू रुम्फा राजाने बांधलेला, आणि अजून त्यात अमीर राहतो.

पॅकेजमध्ये कोफर माताच्या निळीच्या खड्ड्यांची फेरी पण होती. १४९८ पासूनचे आहेत असं तिथे लिहिलंय. जमिनीत गोल खड्डे, त्यात निळीचं पाणी, आणि माणसं कापड बुडवून वर काढतात, परत बुडवतात. रंगवलेलं कापड लाकडी मोगऱ्यांनी कुटून कुटून त्याला चकाकी आणतात. हे आवडलं, पण गर्दीच्या दिवशी घाईत झालं, वेगळी सकाळ ठेवा.

जेवणाबद्दल लिहिलंच पाहिजे. पॅकेजमधलं जेवण म्हणजे हॉटेलचा जॉलोफ राइस आणि चिकन, ते लेगोसला रोज मिळतं. खरं सल्लाचं जेवण मालमच्या बहिणीकडे झालं. हौसा घरात बाहेरच्या खोलीला झाउरे म्हणतात, परका पुरुष तिथेच बसतो, नवरा तिथे बसला आणि मला आत बायकांच्या चौकात नेलं. मासा करत होत्या. मासा म्हणजे भिजवून वाटलेल्या तांदळाचं आंबवलेलं पीठ, ते खळगे असलेल्या तांदा नावाच्या भांड्यात थोड्या तेलावर घालतात आणि काडीने उलटतात, अगदी आपल्या आप्पेपात्रातल्या आप्प्यांसारखं. बरोबर मियान ताउशे, लाल भोपळ्याचं दाट कालवण, त्यात पालेभाजी आणि मटण. मी मटण खात नाही म्हटल्यावर माझ्यासाठी त्याच पातेल्यातलं नुसतं वरचं काढून दिलं, तेव्हा शुद्ध शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा. शेजारची मुलं नवे कपडे घालून 'बार्का दा सल्ला' म्हणत येत होती आणि घरातली मोठी माणसं त्यांच्या हातावर नोटा ठेवत होती. माझ्या हातावर एका मुलीने लाल्ले काढलं, म्हणजे मेंदीच, पण काळ्या रंगाची ठसठशीत नक्षी. या घरच्या जेवणाचे मालमनी पैसे घेतले नाहीत. आम्ही मिठाई आणि मुलांसाठी पैसे दिले, तुम्ही पण रिकाम्या हाताने जाऊ नका.

बायकांसाठी एक, डोकं आणि खांदे झाकणारी ओढणी हवीच, पंजाबी ड्रेस एकदम चालतो. फोटो काढायच्या आधी विचारा, बायकांचे तर विचारल्याशिवाय नकोच. नाकातोंडावर बांधायला रुमाल, भरपूर पाणी, आणि सुट्टे नायरा. जुन्या शहरात आत जायला पिवळ्या रिक्षा, आदायदाइता साहू म्हणतात त्यांना, त्यातल्या कित्येक आपल्या बजाजच्या असतात, बघून इतकं बरं वाटतं. तरी ईदच्या दिवसात मालमबरोबर पायीच फिरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बुकिंग करायच्या आधी दरबार होणार आहे का ते पक्कं विचारा. मे २०२४ मध्ये राज्य सरकारने तेव्हाचे अमीर अमिनू आदो बायेरो यांना हटवून मुहम्मदू सानुसी द्वितीय यांना परत गादीवर बसवलं, दोन्ही बाजू कोर्टात गेल्या, आणि २०२५ मध्ये तर पोलिसांनी सुरक्षेच्या कारणाने दरबारवर बंदीच घातली. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने कानोच्या दरबारला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं आणि नेमक्या त्याच काळात त्या ओट्यासमोरून घोडे गेले नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. जे शिंपी, चांभार, मोतद्दार वर्षभर या दिवसांसाठी काम करतात त्यांचं काय झालं असेल. झारिया आणि कात्सिनाला पण सल्लाची मिरवणूक काढायची परंपरा आहे, पण तिथलं पण आधी विचारूनच ठरवा, आणि उत्तरेत प्रवासाच्या सुरक्षेची ताजी सूचना वाचल्याशिवाय निघू नका. ॲडव्हान्स देताना कार्यक्रम रद्द झाला तर पैसे परत मिळतील असं लेखी घ्या, आमच्या एजन्सीच्या कागदावर तसं एक अक्षर नव्हतं.

मी परत जाईन तेव्हा एजन्सी मध्ये घेणार नाही, मालमशी थेट बोलून फक्त त्यांचे आणि गाडीचे पैसे देईन. आर्गुंगूच्या मासेमारी उत्सवाबद्दल पण त्यांना विचारून ठेवलंय, तो केब्बी राज्यात असतो, १९३४ पासूनचा, हजारो माणसं हातजाळी आणि सुकवलेले पोकळ भोपळे घेऊन एकदम नदीत उतरतात. मालम म्हणाले की तिथे पण काठावरची खुर्ची घेऊ नका.