हिरवा ग्लेझ करायचाय, मग क्रोम घेऊ का कॉपर?

कोथरूडात एका मैत्रिणीने बाल्कनीत छोटी इलेक्ट्रिक भट्टी बसवलीये, कोन ६ पर्यंत जाते (कोन म्हणजे भट्टीतल्या उष्णतेचं माप) म्हणजे साधारण १२२०-१२४० अंश, आणि तिला चहाच्या मगांना हिरवा ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा थर, द्यायचाय. क्रोम ऑक्साइड आणू का कॉपर कार्बोनेट, असं विचारत होती.

दिसायला कॉपरच छान, त्यात वादच नाही. २ ते ४ टक्के घातलं की ग्लेझ जिथे साचतो तिथे गडद, काठावर फिका, आत खोल पाहिल्यासारखं वाटतं. सोडा-पोटॅश जास्त असेल तर चक्क फिरोजी होतं. पण कॉपर ग्लेझला पातळ करतं, त्यामुळे ओघळून भट्टीतल्या शेल्फला चिकटायची भीती, आणि प्रमाण जास्त झालं की काळपट धातूसारखं दिसतं. मुख्य म्हणजे आंबट. आजी पितळेच्या पातेल्याला कल्हई का करून घ्यायची तेच कारण, कोकम सरबत नाहीतर ताक मगात राहिलं की ग्लेझमधनं कॉपर सुटू शकतं, ग्लेझ नीट जमला नसेल तर जास्तच. म्हणून मगाच्या आत कॉपर मी तरी लावणार नाही.

क्रोम एकदम ढिम्म. त्याचा वितळणबिंदू २४०० अंशांच्या वर, त्यामुळे ग्लेझमध्ये फारसं विरघळतच नाही, बारीक कण तसेच राहतात आणि रंग अपारदर्शक येतो. अर्धा ते २ टक्के पुरे. जाड लावा पातळ लावा, तापमान थोडं इकडेतिकडे होऊ द्या, हिरवा तो हिरवाच. आता तो हिरवा म्हणजे तहसील कचेरीच्या भिंतीचा खालचा अर्धा ऑइलपेंट असतो ना, अगदी तसाच, म्हणून मी चिमूटभर कोबाल्ट घालते, मग जरा मोरपंखीकडे झुकतो.

पण क्रोमची सोबत बघून घ्या. ग्लेझमध्ये झिंक असेल तर हिरव्याऐवजी तपकिरी येतो. टिन ऑक्साइड आणि कॅल्शियम असेल तर अगदी थोड्या क्रोमनेही गुलाबी, आणि नुसतं त्याच ग्लेझमध्ये नाही, क्रोमची वाफ उडते ती शेजारच्या भांड्यावर बसते! शेअर केलेल्या फायरिंगमध्ये माझा टिनवाला पांढरा वाडगा एका बाजूने गुलाबी झाला होता, आधी वाटलं कुणी हात पुसला. त्यामुळे दुसऱ्याच्या भट्टीत टाकणार असाल तर आधी सांगून ठेवा.

कुंभारवाड्यातली लाल माती वापरत असाल तर तो वेगळाच विषय, ती कोन ६ ला टिकायची नाही. आणि कमी तापमानाला क्रोमचा लाल-नारिंगी येतो असं वाचून मोहात पडू नका, त्याला शिशाचा ग्लेझ लागतो, भांड्यांसाठी नकोच.

काचेचं थोडक्यात. हिरव्या बाटल्यांचा रंग बऱ्याचदा क्रोमचाच, पण ऑक्साइड काचेत सहज विरघळत नाही, न विरघळलेले ठिपके राहतात. त्यासाठी डायक्रोमेट वापरतात, ते सहा-संयुजी क्रोम, कॅन्सर करणारं, घरी अजिबात नको. क्रोम ऑक्साइड तीन-संयुजी, तेवढं घातक नाही, तरी चाळताना एन-९५ मास्क लावाच.

मैत्रिणीला सांगितलं, मगाच्या आतून साधा पांढरा, पण टिनचा नाही, झिर्कॉनचा. बाहेरून क्रोम, आणि कॉपर फुलदाण्यांना. क्रोम ऑक्साइडची १०० ग्रॅमची पुडी आण फक्त, १ टक्क्याने त्यात १० किलो ग्लेझ होतो.