प्रायॉरिटी लाइन का सगळ्यांना सारखं? राउटरची रांग ठरवताना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात लाइन भरली की कोणाची पॅकेटं (डेटाचे तुकडे) राउटरने आधी सोडायची, याच्या दोन्ही पद्धती वापरून झाल्यात, म्हणून लिहितोय. एकीकडे राउटरमधल्या लिनक्सचं प्रायो (prio), ३ बँड म्हणजे तीन रांगा, वरचा रिकामा झाल्याशिवाय खालच्याचा नंबरच लागत नाही. दुसरीकडे केक (CAKE), २०१८ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे (४.१९ आवृत्ती), ते लाइन सगळ्यांना वाटून देतं. काहीही घ्या, अपलोड लाइनच्या स्पीडपेक्षा थोडं कमीवर बांधा, नाहीतर रांग पुढे मोडेममध्ये लागते आणि आपला राउटर नुसता बघत बसतो.

प्रायो जमलं तर झकास चालतं हं. आयपी फोन असतील आणि ते स्वतःच पॅकेटवर डीएससीपी ४६ (हे आवाजाचं पॅकेट, आधी सोडा, असा शिक्का) मारत असतील तर आवाज एकदम क्लिअर. पण मी शहाणपणा केला, मार्किंगच्या भानगडीत न पडता बायरशी व्हिडिओ कॉल करायचा लॅपटॉपच अख्खा वरच्या बँडला टाकला. महिनाभर काही नाही. मग २० तारीख, जीएसटीचं थ्रीबी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, अकाउंटवाले काका दारात उभे, "अरे हे नुसतं गोल गोल फिरायलंय बघ". बघतो तर लाइन चालू, कॉल पण कुठला चालू नाही, आणि त्या लॅपटॉपवरून जॅकार्डच्या डिझाइनच्या फायली गुपचूप क्लाउडवर चढायल्यात. वरचा बँड फुल्ल, काकांची पॅकेटं खाली उपाशी. आता वरच्या बँडला लिमिट घालता येतं, सिस्कोच्या राउटरमधल्या एलएलक्यूत (त्यांची प्रायॉरिटी रांग) तर ती सोय आहेच, पण मग नवीन ॲप आलं की नियम परत लिहा, आणि ते काम कायम माझ्याच गळ्यात.

केक लावल्यावर पुढच्या महिन्यात काकांनी हाक मारली नाही, फायली तिकडे चढतच होत्या. एक मात्र बघा, राउटर नॅट करत असेल (आतल्या सगळ्यांना बाहेर एकच आयपी पत्ता दाखवत असेल) तर केकमधलं नॅट ऑप्शन चालू पाहिजे, नाहीतर त्याला आतले सगळे कॉम्प्युटर मिळून एकच वाटतात. मी हे आठवडाभर विसरलो होतो. सीपीयू पण जास्त खातं, जुना स्वस्तातला राउटर आणि फास्ट फायबर असेल तर दमतं. कॉल प्रायोइतका सांभाळतं का, मोजलं नाही, कानाला तरी फरक जाणवला नाही.

नुसते फोनच असतील तर प्रायो घ्या, मी नाही म्हणणार नाही. पण एकाच लाइनवर कॅमेरे, बॅकअप, कॉल आणि काका असतील तर आधी केक लावून बघा.