मावशी, पोळीभाजी केंद्र, रविवारची तयारी की घरातली वाटणी? छंदासाठी सलग तास शोधताना

मोडी लिपीत शब्द सुटे करून लिहीत नाहीत. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली, शक्यतो हात न उचलता, अक्षरं लिहीत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. त्यामुळे एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे वाचणाऱ्याला अर्थावरूनच लावावं लागतं. ओळीच्या मध्यावर कुकरची शिट्टी झाली, की पुन्हा पहिल्या अक्षरापासून. तीन वर्षांपूर्वी मी मोडी शिकायला लागले, तेव्हाही दिवसभरात वीस-वीस मिनिटं सुटी मिळायचीच. त्यांचा काही उपयोग नव्हता.

म्हणून स्वयंपाकातला वेळ वाचवायचा प्रत्येक उपाय मी दोन प्रश्न विचारून पारखला. वाचलेली मिनिटं दिवसाच्या कोणत्या वेळी हाती येतात? आणि ती सलग येतात का? तुमचा छंद वेगळा असेल, तर उत्तरं वेगळी येतील. ती कशी बदलतात तेही सांगते.

घर पुण्यातलं, माणसं चार. आम्ही दोघं नोकरी करणारे, सासूबाई आणि आठवीतली मुलगी. सकाळी तीन डबे. काहीही बदलण्याआधी आठवडाभर एका वहीत वेळा लिहून ठेवल्या. सकाळची साधारण ९५ मिनिटं जायची: कणीक मळण्यापासून शेवटच्या पोळीपर्यंत ४०, निवडणं-चिरणं २५, भाजी-कुकर २०, ओटा आवरणं १०. संध्याकाळी आणखी ५५. ही वही तुम्हीही ठेवा. आपला वेळ फोडणीत जातो असं मला वाटायचं. तो खरं तर पोळ्यांत आणि भाजी निवडण्यात जात होता.

मावशी

मिनिटांचा हिशेब केला, तर स्वयंपाकाला मावशी ठेवण्याइतका फायदा दुसऱ्या कशात नाही. पोळ्या आणि एक भाजी त्यांच्याकडे दिली, की सकाळचा तासभर सुटतो. पण तो सकाळी सात ते आठ या वेळात सुटतो. त्याच वेळी मुलीची शाळेची गडबड, आंघोळींचे नंबर, पाणी भरणं. शिवाय मावशी ओट्यापाशी असताना “ताई, वांगी भरून करू की रस्सा?” हे विचारणारच, आणि ते विचारायलाच हवं. सात महिने आमच्याकडे मावशी होत्या. पोळ्या फार सुरेख करायच्या. त्या सात महिन्यांत सकाळी माझं एकही पान वाचून झालं नाही.

ज्याला सकाळीच घराबाहेर पडायचं आहे, त्याच्यासाठी मात्र हाच पर्याय सगळ्यांत चांगला. टेकडीवर जाणारे, पोहायला जाणारे, दार लावून रियाजाला बसणारे यांना तो तास पुरेपूर मिळतो. अट एवढीच, की घरात उत्तरं द्यायला दुसरं कुणीतरी हवं.

मावशी ठेवणार असाल, तर पहिल्याच दिवशी मोकळेपणाने ठरवा: पोळ्या किती, कणीक कोण मळणार, भाजी चिरायची कुणी, ओटा कोण पुसणार. महिन्याच्या पगारी सुट्या आणि दिवाळीचं तेव्हाच बोलून घ्या. चार घरचा स्वयंपाक करून त्या घरी जातात आणि पाचवा स्वतःच्या घरचा करतात. त्या आल्या नाहीत म्हणून आपला छंद बुडत असेल, तर आपली आखणी चुकलेली आहे. ते ओझं त्यांच्यावर टाकू नये.

पोळीभाजी केंद्र

इथे मी संध्याकाळपुरतं बोलते आहे. ऑफिसातून येताना केंद्रावरून दहा पोळ्या घेतल्या, तर वाट थोडी वाकडी करून दहा मिनिटं जातात. पण घरी मळणं, लाटणं, भाजणं, पिठाचा ओटा पुसणं हा सगळा तुकडा एकदम गळतो. सलग वेळ हवा असेल, तर हे ध्यानात घ्या: चार कामं पाच-पाच मिनिटांनी आखडण्यापेक्षा एक आख्खं काम घराबाहेर गेलेलं बरं.

उणीव उघड आहे. गरम पोळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गेल्या, की वाफेचं पाणी सुटतं आणि घरी येईतो चिवट होतात. मी स्वतःचा डबा आणि सुती फडकं घेऊन जाते, त्याने बराच फरक पडतो. भाजी तिथली घेत नाही. तेल-तिखट रोजच्या जेवणाला जास्त वाटतं, आणि घरची भाजी करायला मला फार वेळ लागतही नाही. रोज पोळ्या आणायच्या म्हटलं, तर खर्च मावशींच्या पगाराच्या आसपास जाऊ शकतो. आपल्या भागातला भाव महिन्याच्या पोळ्यांनी गुणून पाहा. आठवड्यातून दोन-तीनदा असेल, तर जड जात नाही.

रविवारची तयारी

या उपायाची स्तुती मी सगळ्यांत जास्त ऐकली आणि सुरुवातही इथूनच केली. रविवारी सकाळी भाज्या निवडायच्या, चिरायच्या, वाटणं करायची, डबे भरून फ्रिज लावायचा. करून पाहिलं, तर अडीच तास गेले. रोजची वाचली २५ मिनिटं. पाच दिवसांची १२५, म्हणजे दोन तास पाच मिनिटं. उलट पंचवीस मिनिटं अंगावर आली.

तरी हा उपाय मी टाकून दिला नाही. तो वेळ वाचवत नसला, तरी हलवतो. कुणाला रोज अर्धा तास बासरी वाजवायची असेल, विणायचं असेल, चित्रं काढायची असतील, तर रविवारचे अडीच तास देऊन रोजची मिनिटं विकत घेणं परवडतं. पण ज्याचा छंदच रविवारचा आहे, जो सिंहगड-राजगडावर जातो किंवा माझ्यासारखा रविवारी सकाळी मोडीच्या वर्गाला बसतो, त्याने हा सौदा करू नये. आठवड्यातला एकमेव मोठा तुकडाच आपण ओट्यावर घालवून बसतो.

पुढे दोन-तीन महिन्यांत एक गोष्ट उमगली. तयारीतली काही कामं प्रमाण वाढवलं तरी वाढत नाहीत. एका वेळेचं कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि चार वेळांचं, भाजायला-वाटायला जवळपास तेवढाच वेळ. मिक्सरचं भांडं एकदाच धुवायचं. दाण्याचं कूट, चिंचेचा कोळ, खवलेला नारळ यांचं तसंच. भाजी चिरणं मात्र वजनाच्या प्रमाणात वाढतं: पाव किलो गवारीला जितका वेळ, त्याच्या चौपट किलोला. त्यातून चिरलेली भाजी सुकते ती वेगळीच. आता रविवारी फक्त ४० मिनिटं. वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं, घट्ट झालं की वड्या काढून पिशवीत भरायच्या. दोन वड्यांत चौघांची उसळ होते. खवलेला नारळ फ्रीझरमध्ये. मटकी भिजत टाकायला दोन मिनिटं, मोड तिचे तीच आणते. मेथी निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळली तर चार दिवस राहते, पण हे काम मी मुलीबरोबर टीव्हीसमोर बसून करते, त्याचा हिशेब धरत नाही.

याच चालीने सकाळचं वरणही दुप्पट लावते. अर्धं घट्ट वरण गार झालं की लगेच फ्रिजमध्ये, आणि संध्याकाळी त्याचीच चिंच-गुळाची आमटी. सासूबाईंनाही ते शिळं वाटत नाही, कारण फोडणी ताजी असते. शिजवलेलं वरण किंवा भात ओट्यावर दिवसभर ठेवू नका. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, आणि भाताच्या बाबतीत तर नक्कीच. त्यात वाढणाऱ्या काही जिवाणूंचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

यंत्रांबद्दल थोडक्यात. फूड प्रोसेसरमध्ये कणीक तीन मिनिटांत मळून होते आणि ते भांडं धुवायला चार मिनिटं लागतात. तीस पोळ्यांच्या घरात किंवा मनगट दुखत असेल तर जरूर घ्या. चौदा पोळ्यांना फरक पडत नाही. विजेच्या प्रेशर कुकरने वेळ विशेष वाचत नाही, पण तो आपला आपण बंद होतो. शिट्ट्या मोजायला कान लावून बसावं लागत नाही. मला ते फार मोलाचं वाटलं.

घरातली वाटणी

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठीचं बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं आली आणि पुरुषांची ८८. एवढी तफावत असताना वेळ शोधायला मी आधी बाजारात गेले, नवऱ्याकडे उशिरा गेले, याचं मला वाईट वाटतं.

मदत आणि वाटणी यांत मोठा फरक आहे. नवरा पूर्वीही मदत करायचा. कांदा चिरून द्यायचा, कोथिंबीर निवडायचा. पण काय करायचं, दूध किती उरलंय, डाळ भिजली का, हे माझ्याच डोक्यात असायचं, आणि तशा डोक्याने मोडीची ओळ लागत नाही. मग आम्ही वार वाटून घेतले. मंगळवार आणि गुरुवारची रात्र पूर्ण त्याची: ठरवण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत. पहिले दोन महिने खिचडी आणि पिठलं आलटून पालटून झालं. सासूबाईंना रात्री पोळी लागते, म्हणून त्या दोन दिवशी पोळ्या केंद्रातून. त्याने ऑफिसातून येताना आणायच्या, हेही त्याच्याकडेच. मी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. सुरुवातीला हे मलाच जमत नव्हतं. मीठ कमी पडेल म्हणून दारात जाऊन उभी राहायचे.

त्या दोन दिवसांच्या पोळ्या सोडल्या तर पैसे लागत नाहीत, वेळ संध्याकाळचा मिळतो आणि सलग मिळतो. माझ्या दोन्ही प्रश्नांना पूर्ण उतरलेला हा एकच पर्याय. पण घरात दुसरा धडधाकट मोठा माणूस असेल आणि तो संध्याकाळी वेळेवर घरी येत असेल, तरच. पाळीची नोकरी असेल किंवा एकटीने मूल वाढवत असाल, तर मी केंद्राच्या पोळ्या, वाटणाच्या वड्या आणि दुप्पट वरण यांपासून सुरुवात करा असं म्हणेन. ज्यांची सकाळ मोकळी व्हायला हवी, त्यांनी मावशींचंच बघावं.

आमच्याकडे मंगळवार-गुरुवारी साडेसहाला दार लागतं आणि साडेआठला मुलगी जेवायला हाक मारते. गेल्या गुरुवारी त्या दोन तासांत एका जुन्या खतपत्राच्या अकरा ओळी लागल्या. बारावीत एका गावाचं नाव आहे, ते अजून अडलंय.