टेलि-मानस १४४१६: कोकणातल्या पोरांना कितपत उपयोगी?

प्रेमभंगानंतर झोप उडाली, अन्न गोड लागेना, तर १४४१६ लावा. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची मोफत फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालते. आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतात; गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात.

अडचण रेंजची. खाडीकाठच्या वाडीत फोन मध्येच तुटतो, आणि पुन्हा लावल्यावर सगळं पहिल्यापासून सांगावं लागू शकतं. म्हणून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर जा. तिथे घरचे कानही नसतात. कागदावर आधी लिहा: काय झालं, किती दिवस झाले, झोप किती तास.

चित्रकार व्हावं की मुंबईत नोकरी धरावी, हे मात्र इथे विचारू नका. त्यासाठी सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या खेळाचे गोल पत्ते, रंगवणारे हात बघा. दशावतारी संचाची १२० पानं, प्रत्येक हाताने रंगवलेलं.