छताच्या कडेची तापणारी केबल: दोन हिवाळ्यांनंतरचा अभिप्राय

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या उपनगरातील आमच्या घराच्या छतावर बर्फाचा बांध साचून स्वयंपाकघराच्या भिंतीवरून पाणी ओघळू लागले, तेव्हा छताच्या कडेला लावायची, विजेवर तापणारी आणि आपली उष्णता आपणच कमीजास्त करणारी स्वयंनियंत्रित केबल आम्ही घाईघाईनेच घेतली. दोन हिवाळे वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की वस्तू चांगली आहे. मात्र जे काम तिचे नव्हेच, त्याच्या भरवशावर ती विकली जाते.

पावसाळ्यापूर्वी घर शाकारताना पाहत कोकणात वाढलेल्या माणसाला छत गळते म्हणजे वर कुठेतरी फट आहे, असेच वाटते. येथे दोष खालून येतो. घरातली ऊब माळ्यावर झिरपते, आढ्याजवळचा बर्फ वितळतो, ते पाणी उतारावरून खाली येते आणि भिंतीच्या बाहेर गेलेल्या, खालून ऊब न मिळणाऱ्या वळचणीवर पोहोचताच पुन्हा गोठते. अशा थरांचा बांध झाला की मागे तुंबलेले पाणी शिंगलखाली, म्हणजे छतावरच्या कौलांसारख्या पट्ट्यांखाली, शिरते. केबल हा बांध होऊच देत नाही, हा समज चुकीचा आहे. ती बांधातून काही इंच रुंदीची वाट मोकळी ठेवते, एवढेच.

तेवढे काम मात्र ती चोख करते. थंडी आणि ओल वाढली की ती आपोआप अधिक तापते, आणि एकावर एक आली तरी साध्या केबलप्रमाणे जळण्याची भीती नसते. आमची पहिल्या हिवाळ्यातली फजिती बसवणाऱ्याच्या आळसामुळे झाली. त्याने नागमोडी वळणे आखूड ठेवली, ती भिंतीच्या रेषेच्या वर गेलीच नाहीत, आणि नवा बांध केबलच्या डोक्यावर जमला. शिवाय पन्हळीत केबल होती, पण पन्हळीच्या उभ्या पाइपमध्ये नव्हती; त्यामुळे वितळलेले पाणी तिथेच गोठून बसले. पुढच्या वर्षी दोन्ही चुका दुरुस्त करून घेतल्या आणि भिंत कोरडी राहिली.

विजेचा हिशेब आधीच करावा. फुटाला ५ ते ८ वॅट धरले तर १०० फूट केबल दिवसाला १२ ते १९ युनिट खाते. सोबत मिळालेला तापमानावर चालणारा प्लग आमच्याकडे निरुपयोगी ठरला, कारण तो गोठणबिंदूच्या आसपास सुरू होतो आणि मिनेसोटात जानेवारीभर पारा बहुधा त्याच्या खालीच असतो. छतावर बर्फाचा कणही नसताना वीज जळत राहते. आम्ही आता हाताने बटण दाबतो. केबलसाठी विजेच्या गळतीपासून संरक्षण देणाराच सॉकेट हवा, यात तडजोड नको.

खरा फरक पडला तो माळ्यावरच्या कामाने. न्हाणीघराचा पंखा दमट, उबदार हवा थेट माळ्यावर सोडत होता, हे माळ्यावरचे इन्सुलेशन (ऊब अडवणारा थर) तपासायला आलेल्या कारागिराने दाखवले, तेव्हा मला माझ्याच बेफिकिरीची लाज वाटली. पंख्याची नळी छताबाहेर काढली, दिव्यांभोवतीच्या फटी बुजवल्या आणि त्यानंतरच इन्सुलेशनचा थर वाढवला. फटी न बुजवता नुसता थर चढवून देऊ म्हणणाऱ्याला काम देऊ नये.

यंदा ९० फुटांपैकी ३० फूट केबलच वापरात आहे: स्वयंपाकघरावर छताचे दोन उतार जिथे मिळतात, त्या उत्तरेकडच्या सांध्यात. उरलेल्या कडेवरचा बर्फ मी जमिनीवर उभा राहून लांब दांड्याच्या फावड्याने ओढून काढतो.