दुसऱ्या डिस्कवरचं फ्रीबीएसडी: आठ महिन्यांचा अनुभव

गेले आठ महिने माझं रोजचं काम फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर चाललंय. डेस्कटॉपमधल्या जुन्या हार्डडिस्कवर विंडोज तसंच राहू दिलं आणि दुसरी एसएसडी खास यासाठी घेतली. फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, साधी यूएफएस. मशीन सुरू होताना लागणारं ईएफआय पार्टिशनही मुद्दाम याच एसएसडीवर केलं, म्हणजे पहिल्या डिस्कवर विसंबायला नको.

वेगाबद्दल तक्रार नाही. मॅन पेजेस (सिस्टिममधलीच मदतीची पानं) तर इतकी नेटकी आहेत की अडलं की आधी तिथेच बघायची सवय लागली. पण सांगायचंय ते सहाव्या महिन्यातलं.

जुनी हार्डडिस्क खडखडायला लागली म्हणून काढून टाकली. मशीन चालू केलं. लोडरचा (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आला, कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) ओळी सरसर वर गेल्या आणि सगळं थांबलं. रूट, म्हणजे सिस्टिमचं मुख्य पार्टिशन, माउंट झालं (जोडलं गेलं) नाही, एरर १९, आणि खाली नुसता ‘माउंटरूट’ असा प्रॉम्प्ट. पोटात गोळाच आला. सहा महिन्यांचं काम त्या एसएसडीवर होतं.

मग लक्षात आलं, कर्नल तर याच एसएसडीवरून लोड झालंय. म्हणजे डिस्क धडधाकट आहे. प्रॉम्प्टवर प्रश्नचिन्ह टाइप करून एंटर दाबलं. कर्नलला दिसणाऱ्या डिस्कची यादी आली. त्यात एडीए१, म्हणजे एसएसडीचं आतापर्यंतचं नाव, नव्हतंच, होतं ते एडीए०! हे नंबर डिस्क सापडतील त्या क्रमाने मिळतात. पहिली गेली, तशी दुसरी तिच्या जागी सरकली. रूट कुठे आहे हे लोडर एफएसटॅब या पार्टिशनांची यादी असलेल्या फाइलमधून वाचून कर्नलला सांगतो, आणि तिथे अजून एडीए१च लिहिलेलं.

प्रॉम्प्टवरच यूएफएस, कोलन आणि एडीए० च्या दुसऱ्या पार्टिशनचा पूर्ण पत्ता दिला. सिस्टिम पुढे गेली, फाइल सिस्टिम तपासताना जुन्या नावावर अडली आणि सिंगल यूजर शेल (दुरुस्तीपुरती कमांड लाइन) मिळालं. तिथे रूट लिहिण्याजोगं करून घेतलं, जीपार्ट या पार्टिशनच्या कमांडने रूट आणि स्वॅपला (मेमरी अपुरी पडल्यास वापरायच्या पार्टिशनला) लेबल, म्हणजे आपण ठरवलेली नावं, दिली आणि एफएसटॅबमध्ये नंबरांऐवजी ती लेबल लिहिली. ईएफआय पार्टिशनची ओळ मात्र राहून गेली, त्यामुळे पुढच्या बूटला पुन्हा सिंगल यूजर. तुम्ही करताना तिन्ही ओळी बघा.

खरं तर इन्स्टॉल करताना पार्टिशनच्या चौकटीत लेबलचा रकाना असतोच. मी तो रिकामा सोडला होता. डिस्कचे नंबर बदलू शकतात, लेबल बदलत नाही, हे फ्रीबीएसडीच्या हँडबुकमध्येही लिहिलंय. दोन डिस्क असतील तर तो रकाना भराच, आणि हा प्रॉम्प्ट दिसला म्हणून घाईने फॉरमॅट करू नका. डेटा जागेवर असतो.

गेल्या आठवड्यात पहिल्या पोर्टवर नवी हार्डडिस्क लावली. एसएसडी पुन्हा एडीए१ झाली, आणि लॉगिन प्रॉम्प्ट नेहमीसारखा आला.