मारुती ८०० साठी प्लग वायर: स्वस्तातला कोणता संच घ्यावा

कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८०० पावसाळ्यात सकाळी मिसिंग करू लागल्या, म्हणजे इंजिन अडखळत चालू लागले, की बहुतेक मालक आधी प्लग बदलतात, मग कार्ब्युरेटर उघडतात, आणि चार वायरांकडे सर्वांत शेवटी पाहतात. डेल्कोच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या) कॅपपासून तीन प्लगांपर्यंत जाणाऱ्या तीन आणि उच्च दाबाचा करंट तयार करणाऱ्या कॉइलपासून कॅपपर्यंत येणारी एक, अशा या वायरींचे वेष्टन इंजिनाच्या उष्णतेने वर्षानुवर्षे कडक होत जाते, त्याला बारीक चिरा पडतात, आणि हवा दमट असली की हजारो व्होल्टचा करंट प्लगपर्यंत न पोचता त्या चिरांतून शेजारच्या धातूवर उडतो. रात्री अंधारात बॉनेट उघडून, चालू इंजिनावर हात न लावता लांबून पाण्याचा अगदी हलका फवारा मारला, तर अशा ठिकाणी निळसर ठिणग्या दिसतात. त्या दिसल्या की पूर्ण संच बदलावा.

पुण्यात नाना पेठेत चौकशी केल्यावर तीन प्रकारचे संच समोर आले. बिननावाचा संच सर्वांत स्वस्त होता, परंतु त्याचे प्लगवर बसणारे रबरी बूट सैल होते आणि आतली पितळी पकड बोटाने दाबताच वाकत होती. तो मी कोणालाही सुचवणार नाही. दुसरा लाल-पिवळ्या रंगाचा, जाड, तांब्याच्या गाभ्याचा आणि 'जास्त पिकअप' देणारा म्हणून विकला जाणारा होता. मूळ कॉइल आणि मूळ इंजिन तसेच ठेवून केवळ कमी रोधाची वायर लावल्याने ताकद वाढत नाही. उलट रेडिओत खरखर मात्र येते, कारण तो त्रास दाबण्यासाठीच कार्बनच्या गाभ्यात मुद्दाम रोध ठेवलेला असतो.

मी घेतला तो तिसरा: नावाजलेल्या उत्पादकाचा, कार्बनचा गाभा आणि सिलिकॉनचे वेष्टन असलेला, ७ मिलिमीटर जाडीचा संच. त्याची किंमत बिननावाच्या संचापेक्षा जास्त असली, तरी रंगीत संचापेक्षा कमी होती. सिलिकॉन साध्या रबरापेक्षा उष्णता बरीच जास्त सोसते, आणि आपले पैसे खरे तर त्यासाठीच जायला हवेत. दुकानातच मल्टीमीटर लावून पाहिले, तेव्हा चारही वायरींचा रोध त्यांच्या लांबीच्या प्रमाणात भरला. एखादी वायर वेगळीच बोलत असती तर संच परत केला असता. बूट प्लगवर घट्ट, आवाज करून बसले. संचात वायरी वेगळ्या धरून ठेवणाऱ्या क्लिपा नव्हत्या, ही मला मोठी उणीव वाटते, कारण वायरी एकमेकींना किंवा एक्झॉस्टला टेकल्या तर चांगले वेष्टनही लवकर खराब होते.

गाडी आता पावसात पहिल्या सेल्फला चालू होते आणि आयडलिंगला थरथरत नाही.

खरेदीला जाताना जुन्या वायरी सोबत न्याव्यात. ओम्नीतही हेच ७९६ सीसीचे इंजिन आले असले, तरी तेवढ्यावरून तिचा संच उचलू नये. लांबी आणि बुटाचा कोन जुळवून पाहावा. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणाऱ्या, गाडीसाठी संच वेगळाच मागावा. बसवताना इंजिन थंड असावे, वायर न ओढता बूट धरून काढावा, आणि एक काढून तिच्या जागी एक लावावी, म्हणजे १-३-२ हा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा, क्रम चुकत नाही.